आवाज बसलेल्या माणसाचा एमबीए

डॉक्टरने माझ्या नाकातून एक बारीक नळी आत घातली आणि समोरच्या टीव्हीवर माझाच गळा मला दाखवला. आपण आतून असे दिसतो हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी तोंड उघडून हसायचा बंद झालो असतो. ओलं, लालभडक, माशाच्या पोटातल्या गाभोळीसारखं. डॉक्टर म्हणाले, "या दोन पट्ट्या दिसतायत ना? त्यांच्यावर या गाठी."

"कॅन्सर?" मी विचारलं. त्या खुर्चीत दुसरा शब्दच सुचत नव्हता.

"नाही हो. या ओरडून येतात. तुम्ही करता काय?"

"ओरडतो," मी बोललो.

खरंच तेवढंच करतो. रत्नागिरीच्या जेटीवर बोटी लागल्या की मासळीचा लिलाव पुकारायचा, हे माझं काम. बारा वर्षं झाली. बोटींची इंजिनं, बर्फ फोडायची मशीन, घारी, मांजरं आणि शंभरेक माणसं, या सगळ्यांच्या वर माझा आवाज गेला पाहिजे, तरच मासळीच्या टोपाचा भाव वर चढतो. डॉक्टर म्हणाले, "बंद करा. नाहीतर वर्ष-दोन वर्षांत आवाज जाईल. ऑपरेशन करून परत येईलच असं सांगता येत नाही."

बाहेर येऊन मी स्कूटरवर बसलो आणि चावी कुठल्या बाजूला फिरवायची तेच विसरलो.

माझी भीती कळायची तर आधी माझी लायकी कळली पाहिजे. मी खारव्याच्या घरातला. वडील तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, थोरला भाऊ पण तांडेल. मला पहिल्यांदा बोटीवर नेलं तेव्हा बंदराच्या तोंडाशीच ओकलो. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा ओकलो, आणि बोट अजून बांधलेलीच होती. वडलांनी तिसऱ्यांदा नेलंच नाय. "लोक बघतात," एवढंच बोलले. मग शाळा. दहावीला गणितात दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा पस्तीस पडले. ते पस्तीस माझे होते की पेपर तपासणाऱ्याला माझा कंटाळा आला होता, ते मला आजपर्यंत कळलेलं नाय. बारावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून केली. मग बर्फाच्या कारखान्यात लाद्या ढकलल्या, टेम्पोवर क्लीनर राहिलो, शिमग्याच्या नमनाच्या खेळात तीन वर्षं गवळण झालो. मिशी काढायला तयार असलेला गावात मी एकटाच होतो, म्हणून. एक दिवस लिलाव पुकारणाऱ्याला ताप आला, कोणीतरी मला मागून ढकललं, आणि मी ओरडलो. घराण्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल कोणीतरी "बरा हाय" असं बोललं.

लग्न झाल्यावर बायकोने बाहेरून बीए करायचा फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवला. तीन वर्षांचं बीए मी सहा वर्षांत केलं. सत्तेचाळीस टक्के.

तर असा मी, आणि आता आवाज पण चाललेला.

बायको एमआयडीसीत मासळी पॅक करून बाहेर पाठवणाऱ्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर आहे. मी घरी येऊन गाठींचं सांगितलं तेव्हा ती रडली नाय. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या मॅनेजरला गाठलं. तो बोलला, खरेदीला मासा ओळखणारा माणूस आम्हाला पाहिजेच आहे, पण वरचं ऑफिस कागद मागतं. नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी पुण्याच्या एका कॉलेजात एमबीए आहे, शनिवार-रविवार घरातून शिकायचं, वर्षातून दोनदा तिकडे जायचं. तिथे प्रवेश मिळाल्याचं पत्र आणलं तरी मदतनीस म्हणून घेतो, बाकीचं शिकता शिकता होईल.

"एमबीए?" मी बोललो. "मला? अगं ते टाय लावतात."

"मग लावा," बायको बोलली. "गवळणीचा पदर लावलात तेव्हा कोण मेलं काय?"

फॉर्म तिनेच लॅपटॉपवर भरायला घेतला. मी बाजूला बसून फक्त घाम पुसत होतो. टक्के लिहायचा रकाना आला की ती माझ्याकडे न बघता भरायची. हे तिचं मोठेपण.

"पदाचं नाव काय लिवू?"

"पुकारणारा."

"तसं नाय चालत. लिलाव अधिकारी लिवते."

"नको. पोलीस येतील."

"हाताखाली माणसं किती, विचारलंय."

मी बराच विचार केला. "मांजरं धरली तर दहा-बारा होतील."

तिने शून्य लिवलं.

पुढे एक पत्र पाहिजे होतं. पाच वर्षं तुमचं काम ज्याने जवळून बघितलंय अशा वरिष्ठाचं. माझा वरिष्ठ कोण? बोटवाले मला शिव्या घालतात, घेणारे पण घालतात, म्हणजे तसे सगळेच वरिष्ठ. पण रोज सगळ्यात पुढे बसून माझा लिलाव बघणारी एकच. आमच्या जेटीवरची मावशी. नात्याची कोणाचीच नाय, सगळ्यांची मावशी. साठीची असेल, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते आणि अर्ध्या बाजाराचा माल उचलते. खरी भीती इथेच होती. गळ्याचं मी जेटीवर कोणाला सांगितलं नव्हतं. पुकारणाऱ्याचा आवाज चाललाय हे कळलं की बोटवाले दुसऱ्या दिवशी दुसरा उभा करतात. त्यांचं पण बरोबर आहे. मासा थांबत नाय.

लिलाव संपल्यावर, माणसं पांगल्यावर मी तिच्याकडे गेलो.

"मावशे, एक पत्र पायजे."

"कसला पत्र? बायकोन टाकला काय तुला?"

"नाय गो. शिकायला जातंय. एमबीए."

"ता काय असता?"

"धंदा शिकवतात."

मावशी एका सुरमईचं पोट बोटाने दाबून बघत होती. तशीच दाबत बोलली, "मग बारा वर्सं हितं काय केलास? भजन?"

मग मी तिला गळ्याचं सांगितलं. मी बर्फाच्या पेटीला धरून उभा होतो. तिने सुरमई खाली ठेवली, हात पदराला पुसला.

"मला म्हायती हाय."

"कसं काय?"

"सहा म्हयने झाले, मी खुर्ची पुढं घेतलंय. ती काय तुझा तोंड बगायला? मागं ऐकाय येत नाय, मेल्या."

मला वाटलं होतं की हे फक्त मला, बायकोला आणि त्या टीव्हीला माहीत आहे. मावशीला सहा महिने माहीत, म्हणजे आणखी कोणाकोणाला? त्या दिवसापासून लिलावात कोणी कानामागे हात धरला तरी मी तोच आकडा परत ओरडायला लागलो.

पत्र मावशीने सांगायचं आणि बायकोने टाइप करायचं, असं ठरलं. मावशीच्या पडवीत आम्ही तिघं बसलो. मावशीने डोळे मिटले.

"लिव. ह्या माणसाला मी बारा वर्सं वळखतंय. ओरडतो चांगला. नासका मासा ताजा म्हणून कधी पुकारला नाय, त्येच्यापायी बोटवाल्यांच्या शिव्या खाल्लान. आकड्याला कच्चा हाय."

"मावशे, कच्चा नको गो लिवूस."

"का? नायस?"

"आहे, पण..."

"मग? उद्या त्येनी आकडा घातला तुझ्याफुडं आणि तू बसलास डोका खाजवत, तर माझी सही खोटी पडल." मग परत डोळे मिटले. "लिव गो. कच्चा हाय, पण मी बाजूला बसतंय, म्हणून चालता."

बायकोने जसंच्या तसं लिवलं. मी खाणाखुणा करत होतो, पण ती बघतच नव्हती. बचत गटात शिकलेली सही मावशीने वळणदार केली.

मला वाटलं, हे पत्र वाचून पुण्याचे लोक हसतील आणि विषय संपेल. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. नापास व्हायची मला सवय आहे, त्याची रीत माहीत आहे. पण तीन आठवड्यांनी मेल आला. बुधवारी अकरा वाजता इंटरव्ह्यू, कॉम्प्युटरवर, अर्धा तास.

डॉक्टर म्हणाले, आठ दिवस एक शब्द बोलू नका, तर अर्धा तास निघेल. मी जेटीवर तोंड बंद ठेवून फिरलो. पुकारायला एका तरण्या पोराला उभं केलं. जेटीवर कोणी बोललं, याने नवस केलाय. कोणी बोललं, बायकोने मारलंय. एकाने माझ्यापुढे येऊन मोठ्याने, मी बहिरा असल्यासारखं विचारलं, "दात काढलास काय रे?" मी मान हलवली. दात बरा. आणि मान हलवता हलवता त्या पोराचा आवाज ऐकत होतो. चांगला होता, मेला.

बुधवार उजाडला. बायकोने अर्धा दिवस रजा टाकली, लॅपटॉप टेबलावर ठेवला. माझ्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर आणि गॅसवाल्याचा नंबर होता, त्यावर तिने धुतलेली चादर लावली. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. वर लग्नातला शर्ट, खाली हाफ पॅंट. ती सैपाकघरात जाऊन दार लोटून उभी राहिली. माझं हृदय इतकं धडधडत होतं की मला वाटलं ते पण पुण्याला ऐकू जाईल.

पडद्यावर तीन चौकोन आले. एका चौकोनात चष्म्याच्या मॅडम, एकात टक्कल असलेले सर. तिसऱ्यात कोणीच नाय, नुसतं गोलात एक अक्षर. मला सगळ्यात जास्त भीती त्या अक्षराची वाटली.

मॅडमनी मराठीत विचारलं, "तुमच्या कामाबद्दल सांगा."

बायकोने इंग्रजीतून पाठ करून घेतलेलं सगळं मी गिळलं आणि मराठीत सांगितलं. बोट कधी लागते, माल कसा मांडतात, भाव कोण उघडतो. दोन-तीन प्रश्न झाले, त्यांची पण उत्तरं दिली. आवाज टिकला होता. मग माझं बोलणं संपलं आणि मॅडमनी मान खाली घातली. सरांनी पण घातली. अक्षर तर अक्षरच. कोणी काही बोलेना.

आता आमच्या जेटीवर गप्प होण्याचा एकच अर्थ असतो. शेवटचा भाव आला की पुकारणारा ओरडतो, एक वार. कोणी बोललं तर पुढे. दोन वार. तीन वार झालं आणि सगळे गप्प, म्हणजे सौदा संपला, माल गेला, चला दुसऱ्या टोपाकडे. तीन वारानंतर जो तिथेच उभा राहतो त्याच्यावर माणसं ओरडतात, कारण बर्फ वितळत असतो. बारा वर्षं मी रोज सकाळी दोनशे वेळा हे केलंय. मी मनात मोजलं. एक वार. दोन वार. तीन वार. हात जोडले, "बरं, येतो मग," बोललो, आणि लाल बटण दाबलं.

सैपाकघराचं दार उघडलं तर बायको ओट्याला टेकून देवाचं काहीतरी पुटपुटत होती.

"काय झालं?" ती दचकून बोलली. "लाइट गेली?"

"नाय. संपला."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "अहो, नऊ मिनिटं झाल्येत."

"गप्प झाले ते."

"गप्प झाले म्हणजे?"

"म्हणजे कोणी बोलेना. तिघं पण."

"अहो, ते लिवत असतील!"

मी त्या खुर्चीतून आपणहून उठून आलो होतो. नोकरीतून, पत्रातून, सगळ्यातून. कोणी काढलं नाय, मीच नमस्कार करून निघालो. आणि फोन वाजला.

कॉलेजमधली कोणी मुलगी होती. "सर, तुमचं नेटवर्क गेलं का?"

बायकोने ऐकलं आणि दोन्ही हातांनी खुणा करायला लागली, हो म्हणा, हो म्हणा.

"हो," मी बोललो. "नेटवर्क. आमच्याकडे फार जातं."

परत जाऊन बसलो. तीन चौकोन परत आले. मॅडम हसल्या. "हरकत नाही, होतं असं." मला जरा श्वास आला. आणि पहिल्यांदाच ते अक्षर बोललं. जाडसर, म्हातारा आवाज.

"तुम्ही जाताना नमस्कार केलात. नेटवर्क जायच्या आधी नमस्कार करतं का तुमच्याकडे?"

मी हाफ पॅंटीत भिजलो. घामाने. तो आवाज शांतपणे पुढे बोलला, "तुमच्या मावशींच्या पत्रात आहे, की नासका मासा हे ताजा म्हणून विकत नाहीत."

मावशीची ती वळणदार सही माझ्या डोळ्यांपुढे आली. तिला मी तासाभरात खोटं पाडलं होतं. आता उठावं आणि खरंच निघून जावं असं वाटलं.

"खोटं बोललो," मी बोललो. "घाबरलो म्हणून. नेटवर्क होतं. तुम्ही गप्प झालात, मला वाटलं सौदा संपला." आणि मग ते एक वार, दोन वार सगळं सांगितलं. मॅडमनी हसू दाबायला तोंडावर हात धरला. टक्कलवाले सर मात्र पुढे सरकले.

"तीनच का? दोन वार केलं तर काय बिघडतं?"

"ज्याच्याकडे पैसे असतात तो उशिरा तोंड उघडतो, सर. एकाला तो ऐकत नाय. दोनाला बाकीच्यांच्या तोंडाकडे बघतो. तीन ऐकलं की घाबरतो."

सरांनी काहीतरी लिवलं. मी या वेळी मोजलं नाय. खुर्चीला दोन्ही हातांनी धरून बसलो. मग त्यांनी एक गणित घातलं. शंभर किलो माल, इतका बर्फ, प्रवासात इतके टक्के खराब, तर पुण्यात काय भाव लावाल. मी आकडे हातावर लिवले, घामाने पुसले गेले.

"येत नाय, सर. पत्रात लिवलंय तसं आहे. इथे मावशी पण नाय."

शेवटी मॅडमनी विचारलं, "हा कोर्स तुम्हाला का करायचा आहे?"

हेच मी सगळ्यात जास्त पाठ केलं होतं. बाजारपेठ, निर्यात, माझं ध्येय. तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. परत उघडलं. परत हवा. आठ दिवस जपून ठेवलेला आवाज बरोबर तिथेच संपला होता. पडद्यावर तीन चौकोन माझ्याकडे बघत होते. मी माइकजवळ तोंड नेलं आणि कुजबुजलो, "आवाज चाललाय माझा. मला दुसरं काय येत नाय."

यानंतर जे गप्प झाले ते बराच वेळ. मी बसून राहिलो. मॅडमनी "धन्यवाद, आता तुम्ही जाऊ शकता" असं बोलेपर्यंत मी हललो नाय.

दहा दिवसांनी मेल आला. बायकोने ऑफिसमधून फोन करून वाचून दाखवला. प्रवेश दिला आहे. अट एक, कोर्स सुरू व्हायच्या आधी महिनाभर गणिताचा वर्ग करायचा. मान्य असेल तर सात दिवसांत बटण दाबून कळवा.

माणसाला आनंद व्हायला पाहिजे. मला नाय झाला. आत्तापर्यंत नुसतं फॉर्मला घाबरत होतो, आता खरंच जायला लागणार. तिथे बँकेतली माणसं असतील, कारखान्यातली असतील, आणि मध्ये मी. बायकोला बोललो, तू दाब. ती बोलली, "माझं नाव हाय काय त्यात?" मी एक दिवस थांबलो, दोन थांबलो. जेटीवर परत पुकारायला उभा राहिलो, जसं काही झालंच नाय. पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी सुरमईचा टोप पुकारत होतो. भाव चढत होता, आणि मधेच आवाज तुटला. काही म्हणजे काही येईना. सगळी तोंडं माझ्याकडे वर करून बघत होती, मावशी पुढच्या खुर्चीत. मी हात वर करून थांबा अशी खूण केली. तेवढ्यात बाजूच्या त्या तरण्या पोराने माझा शेवटचा आकडा उचलला आणि तिथून पुढे ओरडायला लागला. भाव चढला. सौदा झाला. माल उचलला गेला. एकाने पण मागे वळून बघितलं नाय, आणि त्यात कोणाची चूक पण नव्हती. लिलाव अडला नव्हता. फक्त मावशीने मान जरा बाजूला केली, रस्त्याकडे. जा, असं.

घरी आलो. दहा वाजले असतील, बायको कामावर होती. हाताला मासळीचा वास, मोबाइलवर खवलं चिकटलेलं. मेल उघडला आणि बटण दाबलं. डोळे मिटून दाबलं, म्हणून पहिल्यांदा लागलंच नाय. दुसऱ्यांदा डोळे उघडे ठेवून दाबलं.

लगेच एक पान उघडलं. अभिनंदन, आणि खाली गणिताच्या वर्गाच्या पहिल्या दिवसाचा कार्यक्रम. शनिवार, सकाळी नऊ. पहिलीच ओळ अशी होती, की प्रत्येक विद्यार्थ्याने सर्वांसमोर दोन मिनिटं स्वतःची ओळख करून द्यायची आहे.

दोन मिनिटं. मी परत एकदा वाचलं. तेवढंच होतं. मग उठलो, गॅसवर पाणी ठेवलं, त्यात मीठ टाकलं आणि गुळण्या करायला लागलो.